बत्तीस हजारांची वेस

२०११ च्या जनगणनेत औरंगाबाद महानगरपालिकेच्या हद्दीत ११ लाख ७५ हजार ११६ माणसं मोजली गेली. हे आकडे प्रभागवार घेऊन त्यांची बेरीज करणारा चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकावर बेसिक भाषेत लिहिला, तर उत्तर अचूक येतं. तोच प्रोग्रॅम त्या काळच्या, फक्त सोळा बिटांच्या पूर्णांकांवर चालणाऱ्या कंपाइलरमधून काढला, तर बेरीज पापणी लवायच्या आत होते, पण उत्तर येतं उणे ४५३२. चुकीची सूचना येत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही. सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. त्यात एक मिळवला की मोजणी थेट उणे ३२,७६८ वर जाते आणि तिथून पुन्हा वर चढू लागते.

ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकांसाठी डझनावारी बेसिक कंपाइलर निघाले. कुणी वीस पट वेग सांगे, कुणी शंभर पट. आज ते मांडून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. बेसिकचं यंत्रभाषेत रूपांतर करणं हा त्या वेगाचा लहान भाग होता. खरा वेग आला तो काय सोडून दिलं त्यातून. दशांश सोडले, मोठ्या संख्या सोडल्या, काहींनी अक्षरमालाही सोडल्या. हा सौदा कुणी कसा केला, कुणी लपवला आणि कुणी तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती दिला, यावरून या कंपाइलरांची प्रत ठरते.

मुळात बेसिक जन्मली तीच कंपाइल होणारी भाषा म्हणून. १ मे १९६४ च्या पहाटे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांच्या चमूने ती पहिल्यांदा चालवली. विद्यार्थी टेलिटाइपवर प्रोग्रॅम टंकून ‘रन’ म्हणे आणि जनरल इलेक्ट्रिकचा संगणक तो सबंध प्रोग्रॅम आधी यंत्रभाषेत उतरवून मग चालवी. छोट्या संगणकांवर इंटरप्रिटर आला तो दहा-अकरा वर्षांनी, आणि नाइलाजाने. १९७५ साली बिल गेट्स, पॉल अॅलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी अल्टेअर या संगणकासाठी बेसिक लिहिली तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम चार किलोबाइट स्मृती होती. कंपाइलर, मूळ प्रोग्रॅम आणि तयार झालेला यंत्रकोड अशा तिघांची सोय एवढ्या जागेत होणं अशक्य. म्हणून प्रोग्रॅम जसाच्या तसा ठेवायचा आणि चालवताना एकेक ओळ वाचून तिथल्या तिथे अर्थ लावायचा, ही रीत पडली. पुढे कमोडोर, सिंक्लेअर, अटारी, एकॉर्न अशा सगळ्यांनीच ती उचलली. केमेनी-कुर्ट्झना ती फारशी रुचली नाही. या पिढीच्या बोलींना त्यांनी ‘स्ट्रीट बेसिक’ म्हटलं आणि १९८५ मध्ये स्वतःची ‘ट्रू बेसिक’ बाजारात आणली.

इंटरप्रिटरला वेळ का लागतो, हे एकाच ओळीवरून पाहता येईल. ‘लेट ए = ए + १’. स्पेक्ट्रमच्या स्मृतीत ‘लेट’ हा शब्द एका बाइटचा असतो, ही बचत. पुढे मात्र प्रत्येक फेरीत ‘ए’ हे नाव चलांच्या यादीत पहिल्यापासून शोधावं लागतं. सापडलेली किंमत पाच बाइटांची, दशांशांचीही सोय असलेली. ती रॉममधल्या गणनयंत्रणेकडे जाते, बेरीज होते, मग जागा पुन्हा शोधून उत्तर ठेवलं जातं. ओळीत लिहिलेल्या ‘१’ या आकड्यामागे त्याचं पाच बाइटी रूप आणि एक खूण गुपचूप साठवलेली असते. म्हणजे एका अंकाला सात बाइट. स्मृती वाचवायला लोक ‘१’ ऐवजी ‘एसजीएन पाय’ लिहीत. ‘एसजीएन’ संख्येचं चिन्ह सांगतं; पाय धन असल्याने उत्तर एक येतं आणि जागा लागते दोन बाइट. जागा वाचली, पण तेवढं काम इंटरप्रिटरच्या डोक्यावर चढलं. ‘गो टू’ आला की ओळ क्रमांक प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून हुडकायचा. म्हणून जाणकार मंडळी वारंवार लागणारे उपप्रोग्रॅम मुद्दाम वरच्या ओळींत ठेवत.

हीच ओळ पूर्णांकी कंपाइलर झेड८० प्रोसेसरच्या तीन आज्ञांत बसवू शकतो: ठरलेल्या पत्त्यावरून संख्या उचल, एकने वाढव, परत ठेव. सात बाइट, ३८ घड्याळ-ठोके. स्पेक्ट्रमच्या साडेतीन मेगाहर्ट्झवर साधारण ११ मायक्रोसेकंद. शेजारी ठेवायला दुसरा आकडा आहे. टॉम रग आणि फिल फेल्डमन यांनी १९७७ मध्ये ‘किलोबॉड’ मासिकात सुचवलेल्या चाचण्यांपैकी पहिली चाचणी म्हणजे एक ते हजारपर्यंतचं रिकामं आवर्तन. स्पेक्ट्रमच्या इंटरप्रिटरला त्याला चार सेकंदांहून जास्त लागतात, म्हणजे एका फेरीला चार हजार मायक्रोसेकंदांच्या वर. जाहिरातीतल्या ‘शंभर पट’मध्ये फुगवटा नव्हता. मात्र तो आकडा याच प्रकारच्या कामाला लागू होता आणि जाहिरातीत तेवढं सांगितलेलं नसे.

भारतात या यंत्रांचा शिरकाव दोन वाटांनी झाला. पहिली वाट सरकारी. १९८४-८५ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प काढला आणि आरंभी देशभरातल्या २५० शाळांमध्ये ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक पोहोचवले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ या नावाने काढलं. दुसरी वाट बाजाराची. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला, घरच्या टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडायचा.

औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि टीव्ही हा शहराच्या ओळखीचा भाग झाला. त्या टीव्हीला जोडायचा संगणक मात्र मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरात सहज येणारी वस्तू नव्हती. इथल्या बहुतेकांची बेसिकशी गाठ पडली ती थोडी उशिरा, नव्वदच्या दशकात, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा गल्लीतल्या क्लासमध्ये, पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकच्या रूपात. हातात ई. बालगुरुसामी यांचं ‘प्रोग्रॅमिंग इन बेसिक’ किंवा त्याच्या झेरॉक्स. ओळ टंकायची, एंटर मारायचा, ‘सिंटॅक्स एरर’ आला की तिथेच दुरुस्त करायचं. कंपाइलर हा शब्द त्यांच्या कानावर आला तो पुढे सी शिकताना.

बीबीसी मायक्रो ज्या शाळांना मिळाले, त्यांच्या वाट्याला त्या पिढीतला सर्वांत उत्तम इंटरप्रिटर आला होता. सोफी विल्सन यांनी लिहिलेली ही बेसिक १६ किलोबाइटच्या रॉममध्ये बसते. तिच्यात नाव असलेल्या प्रोसिजर आहेत, स्थानिक चल आहेत आणि बेसिकच्या ओळींमध्येच ६५०२ प्रोसेसरच्या आज्ञा लिहायची सोय आहे. टक्क्याचं चिन्ह लावलेले चल पूर्णांक मानले जातात, तेही ३२ बिटांचे, म्हणजे दोन अब्जांच्या पुढे जाणारे. त्यातल्या एकअक्षरी चलांना स्मृतीत कायमची जागा नेमलेली असल्याने शोधाशोध उरत नाही. वरची हजार फेऱ्यांची चाचणी बीबीसी मायक्रो एका सेकंदाच्या आत संपवतो. त्या यंत्रासाठी कॉम्प्युटर कॉन्सेप्ट्सचा ‘अॅक्सिलरेटर’ हा कंपाइलर होता, पण त्याच्याभोवती स्पेक्ट्रमसारखी बाजारपेठ तयार झाली नाही. वेगासाठी माणूस बाहेर जायच्या आत त्याला बेसिकमध्येच तो मिळत होता. संख्येचा प्रकार लिहिणाऱ्याने सांगितला की इंटरप्रिटरसुद्धा धावतो, हे इथे उघड दिसतं.

स्पेक्ट्रमची गोष्ट उलट. स्टीव्ह विकर्स यांनी घडवलेली सिंक्लेअर बेसिक शिकायला गोड, चालायला सुस्त, आणि तिच्यात पूर्णांकी चल हा प्रकारच नाही. त्यामुळे कंपाइलरांची गर्दी झाली. १९८३ च्या सुमारास सॉफ्टेकने दोन वेगळे कंपाइलर विकायला काढले, एक पूर्णांकांसाठी आणि एक दशांशांसाठी. एकाच कंपनीने दोन डब्यांत दोन तत्त्वं विकावीत, हा त्या सौद्याचा सर्वांत प्रामाणिक नमुना म्हणायला हवा. पीएसएसचा ‘एमकोडर’ लोकप्रिय झाला, तोही पूर्णांकीच. वर्गमूळ, साइन, कोसाइन यांची आशा तिथे धरायची नाही. उड्या मारणाऱ्या चेंडूचा खेळ असेल तर ते चालून जाई. बँकेचं व्याज काढायचं असेल तर नाही.

ऑक्सफर्ड कॉम्प्युटर सिस्टिम्सने १९८५ मध्ये ‘ब्लास्ट’ आणला. मूळ बेसिकमधलं सगळंच कंपाइल करू, दशांशही ठेवू, असं त्याचं वचन होतं. ते पाळायला गेल्यावर जी अडचण आली ती तांत्रिकदृष्ट्या फार बोलकी आहे. दशांशी बेरीज शेवटी रॉममधल्याच हळू यंत्रणेकडून करून घ्यायची असेल, तर ओळ वाचण्याचा वेळ वाचतो, हिशेबाचा वाचत नाही. साइन काढायला इंटरप्रिटरला लागतो तेवढाच वेळ कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला लागतो. पोलंडमधल्या ‘टोबॉस एफपी’च्या कर्त्याने यावरचा खरा उपाय केला: दशांशांची यंत्रणाच नव्याने, जलद लिहिली.

या सगळ्यांत वरचा नंबर कॅमेरॉन हेन यांच्या ‘हायसॉफ्ट बेसिक’ला द्यावा लागेल. १९८६ च्या आसपासचा हा कंपाइलर दशांश, पूर्णांक आणि अक्षरमाला तिन्ही सांभाळतो. कोणता चल पूर्णांकी मानायचा हे ‘रेम’च्या ओळीत लिहून त्याला सांगता येतं. ‘रेम’ म्हणजे शेरा. इंटरप्रिटर तो वाचतच नाही. त्यामुळे तोच प्रोग्रॅम आधी इंटरप्रिटरवर सावकाश तपासायचा आणि मग कंपाइल करायचा, दोन्हीकडे एकच मजकूर. निर्णय लिहिणाऱ्याच्या हाती राहिला आणि तो कागदावर दिसतही राहिला.

स्पेक्ट्रमच्या ४८ किलोबाइटांत हे सगळं बसवणं म्हणजे छोट्या खोलीत लग्नाची पंगत मांडण्यासारखं होतं. पडद्यालाच ६,९१२ बाइट जात. उरलेल्या जागेत बेसिकचा मूळ प्रोग्रॅम, कंपाइलर आणि बाहेर पडणारा यंत्रकोड एकाच वेळी राहिले पाहिजेत. डिस्क नाही, कॅसेट आहे. मोठ्या प्रोग्रॅमचे तुकडे करावे लागत आणि तुकडे केले की ओळ क्रमांकांचे धागे तुटत.

कमोडोर ६४ वर म्हणून वेगळी युक्ती चालली. ‘पेटस्पीड’ आणि ‘ब्लिट्झ’ हे कंपाइलर थेट यंत्रभाषेत न उतरता पी-कोड या मधल्या सांकेतिक भाषेत उतरत आणि सोबतचा छोटा चालक ती भाषा वाची. वेग पूर्ण यंत्रकोडाइतका नाही, पण आकार आटोपशीर आणि मूळ बेसिकशी मेळ चांगला. १९८८ मध्ये जर्मनीत आलेल्या ‘बेसिक-बॉस’ने खरा यंत्रकोड काढला, अर्थात चलांचे प्रकार आधी नेमून घेऊन. अॅपल टूसाठी मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये ‘टास्क’ विकायला काढला. जपानच्या एमएसएक्स यंत्रांवर ‘कॉल टर्बो ऑन’ आणि ‘कॉल टर्बो ऑफ’ या दोन आज्ञांच्या मधला तुकडाच तेवढा जागच्या जागी कंपाइल करायची सोय होती, आणि ही कल्पना आजही ताजी वाटते. प्रोग्रॅमचा बहुतेक वेळ एखाद्या लहानशा आवर्तनात जातो. बाकीचं हळू चाललं तरी कुणाचं बिघडत नाही.

अटारीचं उदाहरण मात्र कंपाइलरवाल्यांना विचार करायला लावणारं. फ्रँक ओस्ट्रोव्स्की या जर्मन प्रोग्रॅमरने ‘टर्बो-बेसिक एक्सएल’ लिहिली आणि १९८५ च्या अखेरीस ‘हॅपी कॉम्प्युटर’ मासिकाने तिचा कोड छापला. हा इंटरप्रिटरच, पण दशांशी गणित नव्याने लिहिलेलं आणि ओळ शोधण्याची रीत सुधारलेली. कंपाइल न करताच जुने प्रोग्रॅम कितीतरी पट पळू लागले. कंपाइलर त्याने नंतर दिला. अनेक कंपाइलर मुळात वाईट इंटरप्रिटरचं औषध म्हणून विकले गेले, हा निष्कर्ष इथे टाळता येत नाही.

सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आणि पीसीच्या जगात डिस्क होती, त्यामुळे तिथला पेच सौम्य. गॉर्डन युबँक्स यांनी गॅरी किल्डॉल यांच्या हाताखाली १९७६ मध्ये अभ्यासासाठी बेसिक-ई लिहिली, तिचीच पुढे व्यापारी ‘सीबेसिक’ झाली. पीसीवर १९८७ हे वर्ष मोलाचं. रॉबर्ट झेल यांची ‘टर्बो बेसिक’ बोरलँडने आणली आणि मायक्रोसॉफ्टची ‘क्विकबेसिक ४’ही त्याच वर्षी आली. संपादन करताना ती इंटरप्रिटरसारखी तत्काळ चाले आणि काम झालं की स्वतंत्र ईएक्सई फाइल बनवून देई. ‘डेफइंट ए-झेड’ ही पहिली ओळ लिहायची सवय तिथेच लागली, म्हणजे सगळे चल पूर्णांकी. १९९१ मध्ये डॉस ५ बरोबर आलेल्या ‘क्यूबेसिक’मध्ये ईएक्सईची सोय वगळलेली होती. जीडब्ल्यू-बेसिकनंतर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडली ती हीच.

चल पूर्णांकी आहे हे माणसाने सांगण्याऐवजी कंपाइलरने स्वतः ओळखावं, यामागचं शास्त्र महाराष्ट्रात फार वरच्या पातळीवर चाललं. त्याचं नाव डेटा फ्लो अॅनालिसिस. प्रोग्रॅमच्या प्रत्येक बिंदूपाशी कोणत्या चलात काय असू शकतं याचा माग काढत जायचं. आयआयटी मुंबईचे प्रा. डी. एम. ढमढेरे यांचं कंपाइलर रचनेवरचं पुस्तक १९८३ मधलं, म्हणजे एमकोडरच्याच काळातलं. एकच गणित पुन्हा पुन्हा होण्यातली उधळपट्टी कशी काढायची, या प्रश्नावर त्यांनी मोलाचं संशोधन केलं. त्यांच्या परंपरेतले उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री साठे यांच्यासह २००९ मध्ये डेटा फ्लो अॅनालिसिसवर सविस्तर ग्रंथ लिहिला. सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ढमढेरे हे नाव पाठ्यपुस्तकामुळे घरचं वाटतं. असं विश्लेषण करायला सबंध प्रोग्रॅमचा नकाशा स्मृतीत धरावा लागतो. कॅसेटवाल्या कंपाइलरांना अक्कल कमी नव्हती, जागा नव्हती.

जागेचा तो अडसर आता गेला आहे, आणि म्हणून जुन्या यंत्रांचे सर्वांत चांगले बेसिक कंपाइलर ती यंत्रं बाजारातून गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहिले गेले. ते चालतात आजच्या लॅपटॉपवर आणि कोड काढतात जुन्या प्रोसेसरसाठी. स्पेनच्या होसे रोद्रिगेस ऊर्फ बोरिएल यांचा स्पेक्ट्रमसाठीचा कंपाइलर २००८ पासून वाढतो आहे. पायथॉनमध्ये लिहिलेला असल्याने त्याचं अंतरंग कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही वाचता येतं. एक बाइटाच्या संख्येपासून ३२ बिटांपर्यंत आणि दशांशांपर्यंत प्रत्येक प्रकार त्यात नेमता येतो. प्रभागांची बेरीज ३२ बिटांच्या ‘लाँग’मध्ये ठेवली की ११ लाख ७५ हजार ११६ बरोबर येतात, वेगही राहतो. कमोडोरसाठी ‘एमओस्पीड’ मूळ बेसिक व्ही२ चे जुने प्रोग्रॅम घेतो आणि जिथे शक्य तिथे पूर्णांक स्वतः ओळखतो. ‘एक्ससी-बेसिक’ आणि अटारीची ‘फास्टबेसिक’ यांनी नवी, नीटस बोली स्वीकारली. इटलीच्या मार्को स्पेडालेत्ती यांची ‘यूजीबेसिक’ एकाच मजकुरातून अनेक यंत्रांसाठी कोड काढते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ कोड खुला केला, त्यामुळे नव्वदच्या दशकात ज्यांनी ती भाषा गिरवली त्यांना आज तिच्या पोटात काय होतं तेही पाहता येतं.

पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला आजही इंटरप्रिटरच द्यावा. चूक त्याच क्षणी दिसणं ही मोठी सोय आहे आणि कोणताही वेग तिची भरपाई करत नाही. कंपाइलर शिकू पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र स्पेक्ट्रम निवडावा. आजच्या प्रोसेसरची पुस्तिका हजारो पानांची असते. झेड८० काही आठवड्यांत डोक्यात बसतो आणि आपल्या कंपाइलरने काढलेली प्रत्येक आज्ञा हाताने तपासता येते. यंत्र विकत घ्यायचीही गरज नाही, इम्युलेटर फुकट मिळतात.

अशा विद्यार्थ्यासाठी एक काम तयार आहे: स्पेक्ट्रमच्या पडद्यावर मराठी. त्या यंत्रात स्वतः काढलेल्या आकृत्यांसाठी २१ जागा, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांची. देवनागरीला त्या पुरत नाहीत, म्हणून अक्षरांचा साठा दुसरीकडे ठेवून ओळी स्वतः रंगवाव्या लागतात. शिरोरेघ सलग यायची तर अक्षरं ठिपक्या-ठिपक्याने सरकवावी लागतात, वेलांट्या आणि रफार वर चढवावे लागतात. त्यासाठी बिटं सरकवण्याच्या आणि जोडण्याच्या क्रिया हव्यात, आणि सिंक्लेअर बेसिकमध्ये त्या नाहीत. तिथला ‘अँड’ खरं-खोटं एवढंच पाहतो. बोरिएलच्या बेसिकमध्ये दोन्ही आहेत, आणि तिच्यातून निघालेला यंत्रकोड ‘छत्रपती संभाजीनगर’ हे औरंगाबादचं आजचं नाव, त्यातल्या ‘त्र’ या जोडाक्षरासह, कान्या-वेलांट्यांसह आणि अनुस्वारासह, साडेतीन मेगाहर्ट्झवरही वाचणाऱ्याला थांबायला न लावता रंगवू शकतो.